सोडा मशीनचा काटा पाच किलो दाखवतो, तरी ग्लासात गॅस का नाही?

तक्रार दर वर्षी जवळपास त्याच शब्दांत येते: "सिलेंडर भरलेलं आहे, प्रेशर बरोबर आहे, पण सोडा पाण्यासारखा लागतो." मार्च सरता सरता ती सुरू होते, पाऊस पडला की आपोआप कमी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत उभी राहते. रेग्युलेटर थोडा पिळला की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पुढचं सगळं दुकानातल्या नेहमीच्या मशीनबद्दल आहे: कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडर, दोन काट्यांचा रेग्युलेटर, पाण्याचा पंप, स्टीलची कार्बोनेशन टाकी, चिलर किंवा बर्फाची पेटी, आणि शेवटी नळ. सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती: रेग्युलेटरला सगळ्यात शेवटी हात लावा. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या तापमानात किंवा टाकीत अडकलेल्या हवेत असतं. दाब वाढवला की ते झाकलं जातं, आणि वर नवा बिघाड तयार होतो.

काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडलेला नियम सोपा आहे. तापमान तेच ठेवलं तर पाण्यात किती वायू विरघळेल हे पाण्यावरच्या त्या वायूच्या दाबावर ठरतं. दाब दुप्पट, तर विरघळलेला वायूही दुप्पट. या नियमातले दोन शब्द मशीन चालवताना विसरले जातात. एक, 'तापमान तेच ठेवलं तर'. दुसरा, 'त्या वायूच्या'. काटा टाकीतला एकूण दाब दाखवतो. त्यात कार्बन डायऑक्साइड किती आणि साधी हवा किती, हे त्याला कळत नाही.

आधी तापमान. सोड्यात गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. १ लिटर पाण्यात ४ लिटर गॅस (० अंशाला, साध्या हवेच्या दाबाला मोजलेला) म्हणजे ४ व्हॉल्यूम, वजनात जवळपास ८ ग्रॅम. चांगला चरचरीत सोडा याच आसपास असतो. पाणी आणि गॅस यांना एकमेकांत पुरतं मुरायला वेळ मिळाला, तर ४ व्हॉल्यूमसाठी काट्यावर इतका दाब लागतो:

पाणी ५ अंश सेल्सिअस: १.९ किलो
१० अंश: २.४ किलो
२० अंश: ३.७ किलो
३० अंश: ५.२ किलो
३५ अंश: साधारण ६ किलो

(किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो. काटा पीएसआयचा असेल तर १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय.)

मशीनमध्ये मात्र पुरतं मुरायला वेळ नसतो. पाणी फवाऱ्याने टाकीत येतं आणि थोड्याच वेळात नळातून बाहेर जातं, त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच गॅस धरला जातो. म्हणून मशीनचा दाब या आकड्यांपेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो. पाणी ५ अंशाला असेल आणि काटा ५ किलोवर, तर पाण्याची ऐपत ८ व्हॉल्यूमपर्यंत जाते. त्यातलं निम्मं धरलं गेलं तरी सोडा झकास लागतो. शिवणकामात कपड्याला माया सोडतात, तशी ही माया. पाणी ३२ अंशाला गेलं की त्याच ५ किलोवर ऐपतच ३.७ व्हॉल्यूमची उरते, आणि मशीन त्यातलं निम्मं-पाऊण धरतं. माया संपली. जानेवारीत जे मशीन उत्तम चालत होतं ते एप्रिलमध्ये बसतं, ते यामुळे.

पहिली तपासणी: थर्मामीटर

चिलरच्या पट्टीवरचा आकडा धरू नका. तो बहुतेक वेळा चिलरच्या पेटीचा असतो, पाण्याचा नसतो. स्वयंपाकघरात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तीन ठिकाणी मोजा: पंपाला येणारं पाणी, सकाळचा दुसरा ग्लास (पहिला ओतून द्या, तो नळाच्या नळीत रात्रभर तापलेला असतो), आणि गर्दीत लागोपाठ काढलेला दहावा ग्लास.

दुसरा ग्लास ५–६ अंशाला आणि दहावा १४–१५ ला असेल, तर निदान झालं. चिलरची ताकद कमी पडते आहे. हिशेब करून बघा. २०० मिलीचा एक ग्लास ३२ अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे २२–२३ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३०० वॅट थंडावा देणारं युनिट मिनिटाला १८ किलोज्यूल काढतं, म्हणजे मिनिटाला एक पुरा ग्लाससुद्धा नाही. दुकानात तुम्ही मिनिटाला तीन ग्लास काढता. तेवढा वेळ टाकीतला जुना गार साठा पुरतो, आणि तो संपला की "पहिले आठ-दहा ग्लास छान, मग पाणी".

उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने असे. चिलरच्या मागची जाळी ब्रशने झाडा. धूळ आणि तेलाचा थर बसला की थंडावा लक्षणीय पडतो, आणि वडापावच्या कढईशेजारी ठेवलेल्या मशीनची जाळी दर आठवड्याला भरते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी थेट पंपाला जोडू नका. आदल्या रात्री २० लिटरचे जार सावलीत किंवा फ्रीजमध्ये भरून ठेवा, नुसत्या त्यानेही चिलरचं ओझं निम्म्यावर येऊ शकतं. बर्फाच्या पेटीतलं कॉइल (पाण्याची वेटोळी नळी) असेल तर १ किलो बर्फ साधारण ३ लिटर पाणी ३२ वरून ५ अंशांवर आणतो, तेवढा हिशेब धरून बर्फ मागवा. कॉइल बर्फाच्या नुसत्या ढिगाऱ्यात नको, बर्फ-पाण्यात बुडालेलं हवं. बर्फाचे खडे कॉइलला टेकतात ते मोजक्या जागी, मधल्या पोकळीत हवा राहते.

काही मशीनमध्ये टाकी बाहेर, उघड्यावर असते आणि पाणी गॅस धरल्यानंतर गार होतं. तिथे टाकीत शिरणाऱ्या पाण्याचं तापमान महत्त्वाचं, नळावरचं नाही. ग्लास बर्फासारखा गार आणि तरी सोडा सपक, असं दिसलं तर आधी टाकीला हात लावून बघा.

दुसरी तपासणी: टाकीतली हवा

तापमान ठीक निघालं तर इकडे या. हे कारण सगळ्यात जास्त निसटतं, कारण ते कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

टाकीत पाण्याच्या वर थोडी मोकळी जागा असते. तिथे निव्वळ कार्बन डायऑक्साइड असायला हवा. पण येणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यात थोडी हवा आधीच विरघळलेली असते. पाणी गॅसच्या दाबाखाली फवारलं की ती हवा सुटते आणि वर साचते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या पन्नासपटींहून जास्त विरघळतो, म्हणून गॅस पाण्याबरोबर नळातून जात राहतो आणि हवा मागे उरते. दिवसेंदिवस तिचा वाटा वाढत जातो. काटा मात्र ५ किलोवर स्थिर, कारण एकूण दाब तोच आहे.

काटा ५ किलो दाखवतो तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब धरून टाकीत खरा दाब सुमारे ६ किलो असतो. त्यातले दीड किलो हवेचे असतील तर गॅसच्या वाट्याला साडेचार उरतात. सोड्यातला गॅस तडक पाव हिश्शाने घटतो. सोडा बाटलीत भरणाऱ्या कारखान्यांत पाण्यातली हवा आधी काढून मगच गॅस देतात, ते याचसाठी.

हवा काढायची रीत:

पंपाचं बटण बंद करा, गॅस चालू ठेवा. टाकीच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्हची कडी असते, ती दोन-तीन सेकंद ओढून सोडा. फुस्स आवाज येईल. दाब परत चढेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. असं चार-पाच वेळा करा. एकदम सगळा दाब सोडू नका, आतला सोडा उसळून व्हॉल्व्हमधून बाहेर येतो आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार बसतात. काम संपल्यावर कडी पूर्ण बसली का ते साबणाच्या पाण्याने तपासा.

हे कधी करायचं? प्रत्येक सिलेंडर बदलल्यावर, मशीन बरेच दिवस बंद राहून सुरू केल्यावर, आणि जार रिकामा होऊन पंपाने हवा ओढली असेल तेव्हा लगेच. सीझनमध्ये तसंही दर आठवड्याला एकदा.

हवा काढूनही दोन दिवसांत परत सपक झाला, तर पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे. पंपाच्या आधीच्या, ओढण्याच्या बाजूच्या नळीत चीर असली तर तिथून पाणी गळत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती नजरेला पडत नाही. पारदर्शक नळीचा फूटभर तुकडा पंपाच्या आधी बसवा आणि पंप चालू असताना बघा. बुडबुड्यांची माळ धावताना दिसली की जोड घट्ट करा, क्लिप बदला, जारमधल्या नळीचं टोक तळाशी आहे का ते पाहा.

मग काटा वाढवला तर काय बिघडतं?

बऱ्याच लहान मशीनमध्ये पंप आरओच्या जातीचा, पडद्याचा असतो. त्याची ढकलण्याची ताकद ७ किलोच्या आसपास संपते. पाणी टाकीत शिरायचं तर पंपाचा दाब टाकीतल्या गॅसपेक्षा जास्त हवा. रेग्युलेटर ७–८ किलोवर नेला की पंप घरघरत राहतो, पाणी आत जात नाही, टाकीतली पातळी उतरते आणि नळातून फुसफुस करत नुसता गॅस येतो. सिलेंडर दोन दिवसांत संपतं. पंप गेला असं समजून तो बदलला जातो आणि नवाही तसाच घरघरतो. अशा मशीनला ४.५ ते ५ किलोच्या वर नेऊ नका. पितळी किंवा स्टीलच्या रोटरी पंपाचं मशीन ६–७ किलो सहज घेतं, पण टाकीच्या पट्टीवर कमाल दाब कोरलेला असतो, तो आधी वाचा.

दुसरं असं की टाकीत गॅस जास्त धरला म्हणून ग्लासात तो उतरेलच असं नाही. ७ किलोवरून नळाच्या तोंडाशी पाणी एकदम शून्यावर येतं. ही उडी जितकी मोठी आणि जितकी झटक्यात, तितका गॅस तिथेच फुटून जातो. ग्लासात दुधासारखा पांढरा सोडा पडतो, भरपूर फेस येतो आणि पंधरा सेकंदांत मामला थंड. गिऱ्हाईक म्हणतं गॅस नाही, दुकानदार फेस बघून म्हणतो गॅस जास्त आहे. गॅस होता, नळाशी उडाला.

तिसरी तपासणी: नळ आणि ग्लास

नळ अर्धवट उघडू नका. अर्धवट उघड्या नळात पाणी अरुंद फटीतून जोरात जातं आणि गॅस झडतो. पूर्ण उघडा. जोर फार वाटत असेल तर तो नळीच्या लांबीने किंवा नळातल्या कॉम्पेन्सेटरने (पाण्याचा जोर हळूहळू मोडणारा भाग) मोडायचा. २०० मिली भरायला पाच-सहा सेकंद लागावेत. दोन सेकंदांत भरत असेल तर वेग जास्त आहे. चिलरपासून नळापर्यंतची नळी उघडी असेल तर तिला फोमचं वेष्टण घाला.

ग्लासाचंही तितकंच. बुडबुड्याला जन्मायला एखादी खाच, धूळ, कपड्याचा धागा लागतो. खरचटलेला प्लास्टिकचा ग्लास, फडक्याने पुसलेला काचेचा ग्लास, नुकताच गरम पाण्यातून काढलेला ग्लास, या तिन्हींत गॅस भराभर सुटतो. ग्लास गार पाण्याने विसळून, उपडा ठेवून निथळवा, पुसू नका. ओतताना ग्लास तिरका धरून कडेने सोडा.

मसाला सोड्यात सगळ्यात मोठं नुकसान क्रमामुळे होतं. भरलेल्या सोड्यावर चमचाभर काळं मीठ-जिरं टाकलं की कणाकणावर बुडबुडे फुटतात आणि अर्धा गॅस टेबलावर सांडतो. गिऱ्हाइकाला ते उसळणं आवडतं हे खरं, पण मग तो पिताना सपक लागणारच. आधी ग्लासात मसाला, लिंबू आणि दोन चमचे साधं गार पाणी एकजीव करा, मीठ विरघळू द्या. मग सोडा कडेने ओता आणि चमचा एकदाच खालून वर फिरवा.

सरबताचा पाक खोलीच्या तापमानाला ठेवत असाल तर तोही हिशेबात धरा. ३० अंशांचा एक भाग पाक आणि ४ अंशांचा पाच भाग सोडा मिसळला की मिश्रण ८ अंशांच्या वर जातं आणि ४ व्हॉल्यूमचा गॅस नुसत्या पातळ होण्याने ३.३ वर येतो. कोकम, खस, गुलाब, सगळे पाक फ्रीजमध्ये.

महाबळेश्वर-पाचगणीच्या दुकानदारांसाठी एक जास्तीची गोष्ट. साडेतेराशे मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे १५ टक्के कमी असतो. काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, म्हणून तिथल्या ५ किलोमागे खरा दाब मुंबईच्या ५ किलोपेक्षा थोडा कमी भरतो, आणि ग्लासातून गॅस सुटतोही लवकर. तिथे ०.२ किलो वाढवणं रास्त आहे.

सिलेंडर, रेग्युलेटर आणि खोटी गळती

सिलेंडरच्या बाजूचा मोठा काटा 'गॅस किती उरला' हे दाखवत नाही. आत द्रवरूप गॅस आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो: २० अंशाला सुमारे ५७ किलो, ३० अंशाला सुमारे ७२. पाव सिलेंडर उरलं तरी तेच. द्रव संपला की काटा कोसळतो आणि मग थोडेच ग्लास हातात असतात. उरलेला गॅस वजनानेच कळतो. सिलेंडरच्या मानेवर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते आजच्या वजनातून वजा करा.

टाकीकडे जाणाऱ्या गॅसचा दाब दाखवणारा लहान काटा ग्लास काढत असताना बघा, बंद असताना नाही. ५ वर उभा काटा नळ उघडल्यावर ३ वर घसरत असेल, तर सिलेंडरची चावी अर्धवट उघडी आहे, रेग्युलेटरची जाळी तुंबली आहे किंवा गॅस फार वेगाने ओढल्याने रेग्युलेटरवर बर्फ धरतो आहे. सिलेंडरच्या जोडातलं वॉशर दर बदलीला नवीन घाला. दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी अख्खं सिलेंडर रात्रीत रिकामं होतं.

रात्री सिलेंडरची चावी बंद केली आणि सकाळी काटा ५ वरून ३.५ वर आला, तर ती गळतीच असं लगेच धरू नका. नुकतंच भरलेलं पाणी रात्रभर गॅस पीत राहतं आणि दाब उतरतो. हेन्रीच्याच नियमाने. खरी गळती ओळखायची तर आधी रात्रभर सिलेंडर चालू ठेवून पाण्याला पोटभर गॅस पिऊ द्या, सकाळी एकही ग्लास न काढता चावी बंद करा आणि दोन तासांनी काटा बघा. आता उतरला तर गळती. साबणाचं पाणी लावून जोड शोधा.

वर्षातून एकदा टाकीतली फवाऱ्याची तोटी काढून तपासा. बोअरच्या पाण्याने तिची छिद्रं बुजतात, फवाऱ्याऐवजी धार पडते आणि पाण्या-गॅसची गाठच पडत नाही. लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात तोटी अर्धा तास, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. तोटी काढण्याआधी सिलेंडर बंद आणि टाकीचा दाब पूर्ण शून्य.

बदल झाला का, हे जिभेवर सोडू नका

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. अर्ध्या लिटरच्या कोरड्या प्लास्टिक बाटलीत सोडा कडेने, बुचापाशी भरा, झाकण लावा, बाहेरून पुसून झाकणासकट वजन करा. मग झाकण उघडून एक-दीड तास ठेवा, अधूनमधून हळूच गोल फिरवा, शिंतोडे उडू देऊ नका. परत झाकणासकट वजन करा. ग्लासात ३ व्हॉल्यूम उतरत असतील तर २ ग्रॅमच्या आसपास घट येते. १ ग्रॅमच्या खाली म्हणजे सोडा बसलेलाच आहे. मशीन उत्तम चालत असताना एकदा हा आकडा काढून मशीनच्या पाठीवर लिहून ठेवा, तारखेसह आणि पाण्याच्या तापमानासह.

याला हात लावू नका

सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणं जिवावर बेतू शकतं. व्हॉल्व्ह बदला. सिलेंडर उभंच, साखळीने बांधलेलं. आडवं ठेवलं तर रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव शिरतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे, तळघरात किंवा बंद शटरच्या गाळ्यात तो खाली साचतो. सकाळी शटर उघडून पाच मिनिटं हवा खेळू द्या, मगच आत वाका.

आणि पंप व टाकी यांच्यामधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तो बिघडला तर सोडा उलटा पाण्याच्या पाइपात शिरतो. सोडा आम्लधर्मी असतो, पाइप किंवा जोड तांब्याचा असेल तर तांबं त्या पाण्यात उतरतं, आणि ते पाणी प्यायल्याने मळमळ-उलट्या होतात. टाकीनंतर कुठेही तांबं-पितळ नको, फक्त स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक नळी. टाकीच्या आधीच्या भागातही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दर वर्षी उघडून बघा. पंपाकडच्या पारदर्शक नळीत मशीन बंद असताना बुडबुडे उलटे चढताना दिसले, तर त्याच क्षणी सिलेंडर बंद करा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत त्या नळाचं पाणी कुणालाही देऊ नका.